गेममधल्या "मित्राने" मुलाकडे फोटो मागितला, फोन काढून घेऊ की काय करू? (फोंडा)

फोंड्याची_आई

नमस्कार. इथे नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा १३ चा, आठवीत. मिस्टर शिपवर, आता मे मध्ये येणार, म्हणजे घरात मी, सासूबाई आणि तो. फोन घेऊन दिला तो पप्पांशी बोलायला म्हणूनच, कारण शिपवर नेट लागतं तेव्हा रात्रीबेरात्री लागतं. मग त्यावर गेम आला, गेमात ती बोलायची सोय आली, एवढं मला माहीत होतं आणि मी म्हटलं खेळू दे, बाहेर बाइकवाल्या पोरांच्या मागे फिरण्यापेक्षा घरात तर आहे ना.

परवा संध्याकाळी नारळ खवत बसलेले, फोन बाजूला चार्जिंगला, हा रोमटामेळाच्या प्रॅक्टिसला मांडावर गेलेला. स्क्रीन पेटली. "भाई कमरे में अकेला है क्या." लगेच दुसरा, "एक और भेज ना, इस बार पूरा." हात तिथल्या तिथे थांबला माझा, अर्धी कवड तशीच राहिली.

पॅटर्न माहीत होता, उघडून वाचलं. तीन आठवड्यांचं बोलणं आहे. समोरचा म्हणतो मी १५ वर्षांचा, कोल्हापूरचा. आधी गेममध्ये ह्याला बंदुकीची कसलीतरी स्किन गिफ्ट दिली, मग इथे नको म्हणून दुसऱ्या ॲपवर बोलावलं, मग मी जिमला जातो तुझी बॉडी दाखव असं, आणि ह्याने शर्ट काढून एक फोटो पाठवला. एकच. पुढचा मागतोय तो दिलेला नाही, दोन दिवस "मम्मी है" लिहून टाळतोय बिचारा. म्हणजे त्याला कळत होतं काहीतरी चुकतंय, तरी मला बोलला नाही, हे जास्त लागलं.

मी काय केलं तर फोन उचलून तांदळाच्या डब्यात खुपसला. का ते विचारू नका. तो आला, फोन कुठे म्हणाला, म्हटलं बिघडलाय. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही आणि मी त्याच्याकडे.

शाळेत क्लास टीचरना सांगितलं तर वरनं उत्तर आलं की हा घरचा विषय आहे, शाळेचं नाव मध्ये आणू नका. दीर म्हणतात सगळं डिलीट मारा, फोन मला द्या, विषय संपला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

फोन कायमचा काढून घेऊ का? पोलिसात जायचं तर काय म्हणून जाऊ, मुलगी असती तर गोष्ट वेगळी, मुलाचं कोण ऐकून घेणार? आणि ते १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद करणार असं पेपरात आलेलं ना जानेवारीत, ते होणार असेल तर प्रश्नच मिटला का?

---

उसगावकार

फोन विहिरीत टाका. आमच्या वेळी कुठे होते फोन, आम्ही काय मेलो?

---

नाव_नको

ताई, वरच्यांचं मनावर घेऊ नका. मी २१ ची, पेडण्याची. २०२० मध्ये नववीत होते, ऑनलाइन क्लाससाठी घरातला एकमेव बरा फोन माझ्या हातात होता, आणि माझ्याबाबतीत "नाही पाठवणार" म्हणायची वेळ होती तेव्हा मी म्हटलं नाही, पाठवला. मग चार महिने तो मागत गेला आणि मी देत गेले. लोक विचारतात सांगितलं का नाहीस. अहो, सांगितलं असतं तर फोन गेला असता, फोन गेला असता तर शाळा गेली असती, आणि आईने बाबांना काय सांगितलं असतं ह्याचा विचार करूनच मला ताप यायचा. हे त्या माणसाला माझ्याइतकंच पाठ होतं, तो लिहायचाच की घरी कळलं तर तुझा फोन काढून घेतील बघ. त्याला दुसरी धमकी द्यावीच लागली नाही.

शेवटी मामीच्या लक्षात आलं. ती ओरडली नाही आणि जवळबिवळ पण घेतलं नाही. चहाची कपबशी ठेवली आणि विचारलं, "किती वाजता करतो मेसेज?" मी म्हटलं साडेअकराला, सगळे झोपल्यावर. ती म्हणाली, "रोज?" मी म्हटलं रविवारी नाही. आणि मग जे सुटलं ते दोन तास बोलतच होते. का केलंस असं विचारलं असतं ना तर अजूनपर्यंत तोंड उघडलं नसतं, कारण "का" चं उत्तर माझ्याकडेच नव्हतं. किती वाजता ह्याचं होतं.

फोन डब्यातनं काढा आणि आज रात्रीच काढा. बिघडलाय हे त्याला पटलेलं नाही, तो तिकडे पडल्या पडल्या विचार करतोय की आईने काय काय वाचलं. तुम्ही वाचलंय हे त्याला तुमच्याकडनं कळू दे.

---

वकीलबाब

वरच्या मुलीने पहिला अर्धा सांगितला, मी कोर्टाकडचा अर्धा सांगतो. मडगांवला प्रॅक्टिस आहे, मुलांच्या केसेस थोड्या बघितल्यात.

आधी दिरांना हात जोडून थांबवा. डिलीट काहीच करायचं नाही. समोरच्याचा गेममधला आयडी, दुसऱ्या ॲपवरचं युजरनेम किंवा नंबर, प्रोफाइलची लिंक, तारीख वेळ दिसेल असे चॅटचे स्क्रीनशॉट, हे सगळं आधी, ब्लॉक नंतर. फक्त एक लक्षात ठेवा, मुलाचा तो फोटो पुरावा म्हणून सुद्धा कोणाला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायचा नाही, टीचरना नाही, दिरांना नाही, वकिलालाही नाही. तुमच्या केसमध्ये फक्त शर्ट नाही म्हणून ठीक, पण पालक घाबरून असले फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात आणि मुलाचा फोटो दहा फोनांत जाऊन बसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री नुसती बघणं आणि बाळगणं ह्यावरही कडक निकाल दिलाय, आयटी ॲक्टचं ६७ बी आहेच, तेव्हा ह्या बाबतीत कोणी हुशारी करू नये. जिथे आहे तिथे राहू दे, पोलिस फोनवर बघतील.

मुलगा म्हणून कोण ऐकेल हे तर मनातनं काढाच. २०१२ च्या पोक्सोमध्ये (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) "मूल" म्हणजे १८ खालचं कोणीही, मुलगा मुलगी भेद नाही. लैंगिक हेतूने मुलाला शरीर दाखवायला लावणं, फोन नेटवरनं सतत मागे लागणं, हे कलम ११ मध्ये येतं, १२ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा. प्रत्यक्ष हात लागला पाहिजे असं काही नाही.

आणि शाळेला सांगा (गोडीत सांगा आधी) की कलम १९ प्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्यांची मर्जी नाही. कळवलं नाही तर कलम २१, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा प्रकार दाबला तर वर्षापर्यंत. तुमच्या प्रकरणात आरोपी बाहेरचा आहे पण कळवायची जबाबदारी तीच. शाळेचं नाव ह्यात येतच नाही, मुलाची ओळख छापायलाही कलम २३ ने बंदी आहे.

पोलिस स्टेशनात मुलाला बाकावर बसवून ठेवतील ही भीती असेल तर कलम २४ वाचा. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी, होता होईतो महिला अधिकारी, सब इन्स्पेक्टरच्या खालची नाही, आणि युनिफॉर्ममध्ये नाही. हे मागून घ्यायचं. मागितलं नाही तर कधी कधी विसरतात.

तक्रार जवळच्या स्टेशनला चालते, रायबंदरला सायबर क्राइमचं वेगळं पोलिस स्टेशन आहे, आणि केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार होते पण मग पुढे काय झालं ते बघता येत नाही, म्हणून नाव देऊन करा. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. पैसे गेले असतील तर १९३० आणि तेही तासाभरात, तुमच्यात पैसे नाहीत पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगितलं.

आता थोडं विषय सोडून. आपला गोवा चिल्ड्रन्स ॲक्ट २००३ चा. त्याच्या मागे मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सचं प्रकरण, मडगांवचंच, १९९१ ला पकडला, १९९६ ला जन्मठेप. घरात मुलांच्या फोटोंच्या निगेटिव्हचे ढीग सापडले होते. म्हणून आपल्या कायद्यात एक तरतूद आहे जी आजच्या पोरांना समजणारच नाही: फोटो स्टुडिओत रोल धुताना मुलांचे अश्लील फोटो दिसले तर स्टुडिओवाल्याने जवळच्या पोलिसांना कळवायलाच पाहिजे, नाही कळवलं तर त्यालाच तुरुंग. म्हणजे २००३ मध्ये म्हापशाच्या बाजारातला काळोख्या खोलीत बसलेला फोटोवाला जबाबदार धरला होता आपण. आज तोच फोटो ज्या कंपनीच्या सर्व्हरवरनं जातो तिच्याकडे ह्या फोटोवाल्याच्या हजारपट साधनं आहेत, आणि तिच्याकडनं आपण मुख्यतः काय मागतो तर तक्रार आल्यावर काढून टाका. २०२१ च्या नियमांत नग्न फोटो काढून टाकायला २४ तास दिले होते, ती मुदत आता अजून आवळलीय हे चांगलंच, पण तक्रार मुलाने किंवा त्याच्या वतीने कोणीतरी करायची आहे, आणि मूल तर, वर वाचलंत ना, मूल चार महिने गप्प.

---

म्हापशेकार७२

वकीलबाब, तुमचं पटलं, म्हणूनच बंदी पाहिजे म्हणतोय मी. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांची अकाउंट बंद केली, केली ना? दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, पोराला नाही आईबापाला नाही. हे बरोबर आहे. आपले आयटी मंत्री रोहन खंवटे म्हणाले तसा कायदा करता येईल का बघतोय, मी म्हणतो बघत काय बसलात करा. माझी पोर १४ ची, तिच्या वर्गात सगळ्यांचं इन्स्टा आहे, मी एकटा नाही म्हणालो तर मी जगातला सगळ्यात वाईट बाप. सगळ्यांनाच नाही म्हटलं की माझी सुटका. एवढा साधा हिशेब आहे.

---

मास्तर_डिचोली

म्हापशेकारबाब, तुमची सुटका होईल, फोंड्याच्या ताईंची नाही. ऑस्ट्रेलियाच्या यादीत इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब, एक्स असली आहेत. व्हॉट्सॲप नाही, डिस्कॉर्ड नाही, रोब्लॉक्स नाही. ताईंचा "कोल्हापूरचा" गेममधनं आला आणि मेसेजिंगवर घेऊन गेला. तोच कायदा उद्या शब्दशः इथे आणला तरी तो दोन्ही दारांतनं बिनधास्त आत. म्हणजे बंदी नको असं नाही म्हणत मी, पण ती आली म्हणून मिटलं असं समजून झोपायचं नाही.

आणि वय कोण तपासणार? तुम्हाला सगळीकडे १३ दिसतं ना, १३ पूर्ण आहेत का म्हणून, ते अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातनं आलेलं, जाहिरातीसाठी मुलांची माहिती गोळा करू नये म्हणून. मूल १३ ला सुरक्षित होतं असं कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नाही. आमची पोरं सरळ २००० साल टाकतात. एकाला विचारलं २००० च का, म्हणाला सर स्क्रोल करताना तिथेच थांबतं. आपल्याकडे २०२३ चा डेटा कायदा आहे, त्यात १८ खालच्यांची माहिती वापरायला पालकांची खात्रीची संमती पाहिजे, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. कागदावर जबरदस्त. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य गोष्टींना दीड वर्षाची मुदत. आणि खात्रीची संमती म्हणजे शेवटी काय, आईच्या फोनवर ओटीपी येणार, आणि आईच्या फोनचा पॅटर्न पोराला माहीत. ताई, तुम्हाला त्याचा माहीत होता ना, तसाच त्यालाही तुमचा माहीत आहे, पैज लावतो.

मी कॉम्प्युटर शिकवतो, सरकारी योजनेतलं कोडिंग रोबोटिक्स, एवढंसं पोर एलईडी पेटवतं, मस्त वाटतं. पण ह्या विषयावर वर्षात एक तास मिळतो, बाहेरनं कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येतो, पहिल्या स्लाइडवर हुडी घातलेला हॅकर, पोरं हसतात, फोटो काढतात, संपलं. गेल्या वर्षी मी वेगळं करून बघितलं. खडूचा रिकामा डबा ठेवला, म्हटलं नेटवर झालेली अशी एक गोष्ट लिहा जी घरी सांगितली नाही, आणि का नाही सांगितली ते. नाव नको, अक्षर ओळखू येईल वाटत असेल तर डाव्या हाताने लिहा. घरी जाऊन वाचल्या चिठ्ठ्या. गोष्टी वेगवेगळ्या, कारण बहुतेकांचं एकच, "फोन काढून घेतील." एकाने लिहिलेलं, "बाबा मला नाही मारणार, आईला मारतील, फोन तिने घेऊन दिला." ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

त्यानंतर पालक सभेत मी एकच मागितलं, मूल स्वतःहून सांगायला आलं तर त्या दिवशी फोन काढायचा नाही, असं घरी आधीच बोलून ठेवा. अर्ध्या पालकांनी मान हलवली, अर्ध्यांनी विचारलं मार्क का कमी झाले.

---

म्हापशेकार७२

बरं मास्तर, हरलो. पण मग आज रात्री त्या बाईने करायचं काय, सेटिंग तरी सांगा, तुम्ही नुसता इतिहास सांगताय.

---

मास्तर_डिचोली

खरंय, सवय आहे ती 😀

ताई, पुरावे घेऊन झाल्यावर गेममध्ये अनोळखी लोकांचं चॅट आणि व्हॉइस बंद करा, बहुतेक गेमांत फक्त फ्रेंड्स असा पर्याय असतो, आणि फ्रेंड लिस्ट मुलाबरोबर बसून बघा, ह्यातला कोण प्रत्यक्ष भेटलाय विचारत. व्हॉट्सॲपला प्रायव्हसीत ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते "माझे कॉन्टॅक्ट्स" करा आणि अनोळखी कॉल म्यूट. इन्स्टा असेल आणि वय खरं टाकलेलं असेल तर टीन अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, १६ खाली सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते, पण वय खोटं टाकलं असेल तर ह्यातलं काहीच नाही, म्हणून आधी वय बघा. अँड्रॉइडला फॅमिली लिंक आहे, नवीन ॲप घालायचं तर तुमच्या फोनवर विचारणा येते, ते त्याला सांगून घाला, चोरून नको.

अजून एक, "टेक इट डाउन" म्हणून अमेरिकेतल्या एका संस्थेची फुकट सेवा आहे, १८ खालच्यांच्या नग्न फोटोंसाठी. त्यात फोटो पाठवायचा नसतो, फोनवरच त्याचा अंगठ्याच्या ठशासारखा कोड तयार होतो आणि फक्त तो कोड कंपन्यांकडे जातो, मग तो फोटो कोणी चढवला तर ओळखता येतो. ज्या कंपन्या त्यात सामील आहेत तिथेच चालतं आणि व्हॉट्सॲपच्या आतलं त्याला दिसत नाही. तुमच्या मुलाला लागणार नाही बहुतेक. पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी लागेल म्हणून लिहून ठेवलं.

---

उसगावकार

विहिरीचं मी मागे घेतो. माझा नातू आहे नऊ वर्षांचा, तोही तोच कसलातरी गेम खेळतो. त्याला विचारलं कोणाशी बोलतोस, म्हणतो "आबा तो माझा भाई आहे." कुठला भाई, आम्हाला एकच मुलगा.

---

नाव_नको

आबा, वाजतात किती ते विचारा 🙂

---

फोंड्याची_आई

सगळ्यांचे आभार, नऊ दिवसांनी लिहितेय.

त्याच रात्री फोन काढला डब्यातनं, तांदूळ चिकटलेले चार्जिंगच्या भोकात, ते टाचणीने काढत काढतच विषय काढला, समोर बघावं लागलं नाही दोघांनाही. नाव_नको बाय, तुझं वाक्य तसंच्या तसं वापरलं. म्हणाला, "तू भजनाला जातेस तेव्हा." गुरुवारी सात ते साडेआठ. तीन आठवड्यांत त्या माणसाला माझं भजन कधी असतं ते कळलेलं, आणि मला तो आहे हे माहीत नव्हतं. रडला नाही. मी रडले, आत जाऊन.

तक्रार दिली. कलम २४ चं नाव घेतल्यावर समोरचे जरा सरळ बसले असं मला वाटलं, की माझाच भास. दोन बायका साध्या कपड्यांत घरी आल्या, सासूबाईंनी त्यांना पाहुण्या समजून चहा आणि वर खाजें दिलं, नंतर सगळं सांगावंच लागलं. मला वाटलेलं आकाश कोसळेल, तर म्हणाल्या "मेल्याचे हात झडो" आणि आत गेल्या देवाला दिवा लावायला. गेमवाल्यांकडनं माहिती मागवलीय म्हणतात, वेळ लागेल म्हणतात. शाळेला वकीलबाबांनी सांगितलेलं कलम १९ लिहून पत्र दिलं, दुसऱ्या दिवशी हेडबाईंचा स्वतःहून फोन आला. आवाज एकदम वेगळा.

मिस्टरांना शिपवर सांगू की आल्यावर, ह्यावर दोन दिवस झोप नाही. शेवटी मुलगा म्हणाला मी सांगतो. सांगितलं, मी दाराबाहेर उभी. पलीकडनं बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मला वाटलं नेट गेलं.

फोन परत दिलाय, चार्जर आता हॉलमध्ये, सासूबाईंच्या टीव्हीखाली, तिथनं रात्री उचलायची हिंमत माझ्यातही नाही.

एकच अडलंय. मास्तर, त्या गेममध्ये अनोळखी लोकांचं चॅट बंद करायचं ते नेमकं कुठे? मुलगा म्हणतो शोधलं, सापडत नाही. मला वाटतं त्याला सापडलंय.

---

मास्तर_डिचोली

गेमचं नाव मेसेजमध्ये पाठवा ताई. आणि हो, त्याला सापडलंय.